नुसत्या एकांची संख्या

माझा भाऊ आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाला, एरंडवण्यात राहतो. माझी मुलगी खराडीच्या एका कंपनीत ग्राफिक्स चिपवर चालणारे प्रोग्राम लिहिते. दोघांचा एकमेकांवर भारी जीव, आणि समोरासमोर आले की पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत वादाला तोंड फुटलेले असते. परवाचा विषय होता जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या. माझे गणित बी.कॉम.पुरते, पण हे भांडण ऐकण्यासारखे होते, म्हणून आठवते तसे उतरवून काढते. मधे माझी लुडबूड आहे, ती गाळलेली नाही.

वादाची संख्या अशी: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. लिहून काढली तर ४,१०,२४,३२० अंक होतात. सेकंदाला एक अंक या वेगाने न थांबता वाचत बसले तर पावणेपाचशे दिवस लागतील. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका डेटा सेंटरमधल्या चिपने ती ‘बहुधा मूळ’ असल्याचे सांगितले, दुसऱ्या दिवशी टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या चिपने पक्के केले. ही यंत्रे भाड्याने घेऊन कामाला लावणारा माणूस म्हणजे ल्यूक ड्युरंट, एनव्हिडिया कंपनीत पूर्वी काम केलेला. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक ‘जिम्प्स’ नावाच्या उपक्रमात अशा संख्या शोधत आहेत, त्यातलाच तो एक.

मामा: सापडली, छान. पुढे काय? मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवले आहे. म्हणजे तुझ्या या संख्येहून मोठ्या मूळ संख्या आहेत, अनंत आहेत, हे शोधाच्या आधीही माहीत होते. हे दहीहंडीच्या थरांसारखे झाले. मागच्या वेळी आठ लावले, यंदा नऊ. विक्रम दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख अंकांवर होता २०१८ साली, आता चार कोटींवर गेला. यात गणित कुठे आहे?

भाची: मामा, ती मोठी आहे म्हणून मला आवडतच नाही. ती ओळखता येते म्हणून आवडते. तू एवढ्याच लांबीची कुठलीही संख्या डोळे मिटून लिही. ती मूळ असण्याची शक्यता साधारण साडेनऊ कोटींत एक. आणि नशिबाने असलीच मूळ, तर तसे सिद्ध करायला आज पृथ्वीवर कुणाकडे साधन नाही. हिच्या बाबतीत मात्र एका दिवसात निकाल लागतो. का लागतो, हा गणिताचा प्रश्न आहे की नाही?

मामा: तो आहे. पण त्याचे उत्तर ल्यूका नावाच्या फ्रेंच माणसाने १८७६ मध्येच दिले. तेही कागद-पेन्सिलीवर.

भाची: थांब, ल्यूकाकडे येऊ. आधी हिचा चेहरा बघ. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ही संख्या लिहिली तर काय दिसते? १, १, १, १... शून्य एकही नाही. तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस एक, ओळीने. नुसत्या एकांच्या संख्यांचे वेड आपल्याकडे कुणाला होते?

मामा: आलीस कापरेकरांवर. मला वाटलेच.

(इथे वाचकांसाठी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेले की शेवटी ६१७४ येते, हा चमत्कार त्यांचाच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ या जातीच्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले, कारण ही कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली. लोकलची वाट बघताना माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.)

मामा: मला कापरेकरांबद्दल आदर आहे. पण विद्यापीठातल्या मंडळींनी त्या काळी नाके मुरडली, त्याला कारण होते. त्यांचे बरेचसे गुणधर्म संख्येचे नाहीत, ती लिहिण्याच्या रीतीचे आहेत. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान वापरतो. आठ बोटे असती तर ६१७४ ची जादू कुठे गेली असती? मूळ असणे हा मात्र संख्येचा स्वतःचा गुण. कुठल्याही पद्धतीत लिहा, सतरा ही सतराच, आणि ती मूळच. गणित त्याला म्हणायचे.

भाची: बरं. मग एक सांग, या चार कोटी अंकांची बेरीज केली, आलेल्या आकड्यातल्या अंकांची पुन्हा बेरीज केली, असे एक अंक उरेपर्यंत करत गेलो, तर शेवटी काय उरेल?

आणि माझा भाऊ, ज्याने आत्ताच अंकांच्या खेळाला नाके मुरडली होती, तो डोळे बारीक करून छताकडे बघू लागला.

मामा: ९ ने भागून बाकी काढायची. २ च्या घातांच्या बाक्या २, ४, ८, ७, ५, १, की पुन्हा २. सहाचे चक्र. घातांक काय म्हणालीस? १३,६२,७९,८४१. विषम आहे. अंकांची बेरीज एक्केचाळीस, म्हणजे ३ ने भागून बाकी २. म्हणजे ६ ने भागून ५. पाचवी बाकी ५, त्यातून १ वजा. चार. उत्तर चार.

भाची: मिनिटभर लागले तुला. चार कोटी अंक न बघता!

मामा: शेवटचे दोन अंक ५१. तेही चक्रानेच. पण हा खेळ झाला.

खेळ झाला खरा. मात्र पोहे गार झाले होते. मी विचारले, की एकांची रांग हवी तेवढी लांबवली की मूळ संख्या मिळते असे काही आहे का?

भाची: नाही ना, आई. गंमत तिथेच आहे. दशमानातच बघ. सहा एक घे: १,११,१११. याचे दोन-दोनचे गट पाडता येतात, म्हणून ती ११ ने विभाज्य. तीन-तीनचेही पडतात, म्हणून १११ नेही: १११ गुणिले १००१. रांगेची लांबी ज्या आकड्याने भागली जाते, त्या लांबीची छोटी रांग मोठीला भागतेच. पद्धत दशमान असो की द्विमान. म्हणून मूळ संख्या हवी असेल तर आधी लांबीच मूळ हवी. १३,६२,७९,८४१ ही स्वतः मूळ आहे.

मामा: आणि तेवढे पुरत नाही, हेही सांग. लांबी ११ घे, मूळ आहे. द्विमानात अकरा एक म्हणजे २०४७. ती आहे २३ गुणिले ८९. फसली. मेर्सेन नावाच्या पाद्र्याने १६४४ साली यादी दिली, कुठल्या लांब्या चालतात याची. त्याच्या यादीत ६७ होता. ल्यूकाने दाखवले की ६७ एकांची संख्या मूळ नाही. अवयव न काढता दाखवले, हे लक्षात घे! अवयव काढायला १९०३ उजाडले, ते कोल या अमेरिकन गणितज्ञाने काढले. संख्या फुटते हे कळणे वेगळे आणि कशी फुटते हे कळणे वेगळे. ल्यूकाची खरी कमाई ही.

भाची: आता तूच आईला ती चाचणी दाखव.

मामाने वर्तमानपत्राच्या कडेला ३१ लिहिले. पाच एकांची संख्या.

मामा: चारपासून सुरू करायचे. वर्ग करायचा, २ वजा करायचे, ३१ ने भागून बाकी ठेवायची. ४ चा वर्ग १६, वजा २, चौदा. १४ चा वर्ग १९६, वजा २, एकशे चौऱ्याण्णव. ३१ ने भागून बाकी आठ. ८ चा वर्ग ६४, वजा २, बासष्ट. ३१ ने भागून बाकी शून्य. लांबी पाच असेल तर तीन पायऱ्या, म्हणजे लांबीपेक्षा दोन कमी. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ, नाही आले तर नाही. २०४७ ला हेच नऊ वेळा केले तर शेवटी १७३६ उरतात. शून्य नाही, म्हणून मूळ नाही. २३ आणि ८९ चे नावही न घेता निकाल लागला.

मी: पण चारच का? आणि शून्यच का?

मामा: पूर्ण सिद्धता इथे नको. गाभा एवढाच, की या संख्येत १ मिळवला की नुसते दोनच दोन उरतात. ३१ अधिक १ म्हणजे बत्तीस, पाच दोनांचा गुणाकार. शेजारच्या संख्येचे सगळे अवयव आयते हातात आहेत. त्या माहितीच्या जोरावर हिच्याबद्दल खात्रीने बोलता येते. आडव्यातिडव्या संख्येच्या शेजारणीचे अवयव कुणाला माहीत असतात? ल्यूकाने याच वाटेने १२७ एकांची संख्या मूळ ठरवली, एकोणचाळीस अंकी. पुढची पंचाहत्तर वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही. लेहमर नावाच्या गणितज्ञाने नंतर ही चाचणी घासूनपुसून आजच्या रूपात आणली. आता तूच सांग, यात चिपचे कर्तृत्व कुठले? चाचणी माणसांची. यंत्राने फक्त हमाली केली.

भाची: हमाली? पायऱ्या किती, हिशेब कर. तेरा कोटी बासष्ट लाख वेळा वर्ग. प्रत्येक वेळी चार कोटी अंकी संख्येचा. शाळेत शिकवतात तसा गुणाकार केला तर एकेका वर्गाला सुमारे सतरा कोटी कोटी छोटे गुणाकार. अशा रीतीने हे काम विश्वाच्या आयुष्यातही उरकले नसते असे नाही, पण ड्युरंटच्या आयुष्यात नक्कीच नाही. म्हणून जलद फूरिए रूपांतर वापरतात. संख्येला लहरींसारखी उलगडायची, तिकडे गुणाकार सोपा होतो, मग परत आणायची. तेच रूपांतर आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत तीस तबकड्यांचे संदेश जुळवताना चालते, आणि आता तिथेही ग्राफिक्स चिपच आहेत. आणि बाकी काढायला तर भागाकारही लागत नाही. संख्या नुसत्या एकांची आहे ना, म्हणून वरचे तेरा कोटी बिट उचलून खालच्यांत मिळवायचे, बाकी तयार. हे शोधायलाही माणसेच लागली, मामा. ती गणिताच्या विभागात बसत नव्हती एवढेच.

हे बोलताना तिचा आवाज चढला होता. ‘हमाली’ हा शब्द तिला लागला होता, आणि माझ्या मते लागायला हवाच होता. चार दशके मुलांना वर्गमूळ काढायला लावणाऱ्याने असे म्हणू नये.

मी विषय बदलावा म्हणून म्हटले, वर्तमानपत्रात वाचले होते की अशा संख्यांमुळे आपले बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात.

दोघे एकदम हसले. सबंध सकाळीत एकमत झाले ते इथेच.

भाची: आई, कुलूप ज्याने उघडते ती संख्या गुप्त हवी. ही तर जगजाहीर! आरएसए पद्धतीच्या नेहमीच्या किल्लीला तीनशे-सव्वातीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात. आणि तेवढ्या लांबीच्या संख्यांत सातशेत एखादी मूळ निघतेच, त्यामुळे त्या लागतील तेव्हा क्षणात नव्या काढतात. चार कोटी अंकांच्या संख्येचा बँकेला शून्य उपयोग.

मामा: तुझ्या तोंडून ऐकले, बरे वाटले. मग ड्युरंटने स्वतःच्या खिशातले सुमारे वीस लाख डॉलर घातले, सतरा देशांतली यंत्रे राबवली, ते कशासाठी? बक्षीस तीन हजार डॉलरचे. तेही त्याने शाळेला देऊन टाकले.

भाची: पैसे त्याचे होते. विजेचे म्हणशील तर तुझे ऐकते. डेटा सेंटरना वीज आणि पाणी लागते, हे मी रोज बघते. पण निरुपयोगी हिशेबाचा एक उपयोग सांगते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली नावाचा प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होता. म्हणजे तुझ्या भाषेत शुद्ध खेळ. त्याचे उत्तर जुळेना. चूक त्याची नव्हती, इंटेलच्या पेंटियम चिपला भागाकार नीट येत नव्हता! कंपनीला चिप बदलून देण्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खड्डा पडला. २०१६ मध्ये इंटेलच्याच नव्या चिपमधला दोष मेर्सेन संख्या, म्हणजे याच नुसत्या एकांच्या संख्या, शोधणाऱ्या प्रोग्रामने उघड्यावर आणला. इतका लांबलचक, एकही बिट चुकून न चालणारा हिशेब दुसरा कोण करतो?

मामा: हा उपयोग चिपवाल्यांचा, गणिताचा नाही. गणित म्हणजे काय ते सांगतो. ऑगस्ट २००२. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि नीरज कयाल, नितीन सक्सेना ही दोन तरुण पोरे. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि बेतशीर वेळात ठरवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ‘कुठलीही’ हा शब्द ऐक. नुसत्या एकांचीच हवी अशी अट नाही, नशिबावर हवाला नाही, न सुटलेल्या गृहीतकाचा टेकू नाही. शेकडो वर्षांचा प्रश्न मोजक्या पानांत सुटला. एकही मोठी संख्या न शोधता.

भाची: मान्य, शंभर टक्के. पण त्या रीतीने प्रत्यक्षात मोठ्या संख्या कुणी तपासत नाही, फार सावकाश चालते ती. म्हणजे तुझे सर्वांत सुंदर प्रमेय कपाटात आणि ल्यूकाचे जुने प्रमेय कामावर. तूच मला लहानपणी दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठानात नेत होतास. ते १९७६ मध्ये स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर काय सांगायचे? की शाळेतल्या बीजगणिताला, हाताने करायच्या बहुपदींना कमी लेखू नका.

मामा: अभ्यंकरांना मधे आणू नकोस. त्यांचा हात आणि तुझे डेटा सेंटर एक नव्हे.

भाची: बरं, मग हातानेच करू. युक्लिड म्हणतो, अशी मूळ संख्या मिळाली की परिपूर्ण संख्या मिळते. ७ मूळ आहे, तीन एकांची. तिला ४ ने गुणले की २८. आणि १, २, ४, ७, १४ या विभाजकांची बेरीज २८. ड्युरंटच्या संख्येपासूनही अशी मिळते, ८,२०,४८,६४० अंकी. आता कापरेकर संख्या म्हणजे काय, आई? ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडला, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. बघ हं. २८ चा वर्ग ७८४. द्विमानात ११०००१००००. शेवटचे सहा अंक तोड. डावीकडे ११००, म्हणजे बारा. उजवीकडे ०१००००, म्हणजे सोळा. बारा आणि सोळा?

मी: अठ्ठावीस.

भाची: प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमानात कापरेकर संख्या असते. डब्लिनमधून निघालेली आठ कोटी अंकीसुद्धा. फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याने देवळालीत बसून केलेली व्याख्या तिला चपखल लागू पडते.

मामा गप्प झाला. पेन्सिल घेऊन कडेला काहीतरी लिहीत राहिला. मला वाटले हरला. पण गणिताचा मास्तर असा हरत नाही.

मामा: चार एक घे. १५. मूळ नाही, ३ गुणिले ५. तिला ८ ने गुण, १२०. परिपूर्ण नाही. आता १२० चा वर्ग १४४००. शेवटचे आठ बिट तोडायचे, म्हणजे २५६ ने भागायचे. भागाकार ५६, बाकी ६४. बेरीज किती? एकशे वीस! म्हणजे तुझ्या चमत्काराला मूळ संख्येची गरजच नाही. सगळी करामत एकांच्या रांगेची. ड्युरंटचे वीस लाख डॉलर नसते तरी कापरेकर बरोबरच होते.

भाची: मग मी सकाळपासून काय म्हणते आहे? रूप महत्त्वाचे. रूपामुळेच चाचणी होते, रूपामुळेच बाकी सोपी, रूपामुळेच कापरेकर लागू. आणि तूच म्हणालास की लिहिण्याच्या रीतीला अर्थ नाही!

यावर मामाने ‘मी दशमानाबद्दल बोललो होतो’ असे सांगितले. ते खरे होते आणि पळवाटही होती.

माझा कौल कुणी मागितला नव्हता, तरी देते. बँकेचा दाखला देणाऱ्या बातम्या थापा आहेत. द्विमानात नुसत्या एकांच्या अशा मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेले नाही, आणि आणखी एक सापडल्याने त्या प्रश्नाची गाठ सुटत नाही. इथे भावाचे बरोबर. ही सापडलेली बावन्नावी, पण मधल्या सगळ्या लांब्या पुन्हा तपासून झालेल्या नसल्याने क्रमाने बावन्नावीच आहे का, हेही ठरायचे आहे. परंतु चार कोटी अंकी संख्येबद्दल ‘ही फुटत नाही’ असे छातीठोक सांगता यावे, आणि ते का सांगता येते हे माझ्यासारखीला पोह्यांच्या टेबलावर कळावे, याचे श्रेय मी मुलीच्या पारड्यात टाकते.

वाचकांनी ३१ वर थांबू नये. सात एकांची संख्या १२७ घ्या. चारपासून सुरुवात, वर्ग, वजा दोन, १२७ ने भागून बाकी, पायऱ्या पाच. वाटेत ६७, ४२ आणि १११ भेटले तर तुमचे बरोबर चालले आहे.